आईला 'तिकडे' ठेवताना...

आपल्याकडे काही वाक्यं दबक्या आवाजातच बोलली जातात. 'सासूबाईंना तिकडे ठेवलंय' हे त्यातलंच एक. 'तिकडे' म्हणजे कुठे, हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. हळदीकुंकवाला जमलेल्या बायका एकमेकींकडे बघतात, कुणीतरी पटकन विषय बदलतं. ती बाई वाण घेऊन घराबाहेर पडली की मग चर्चा रंगते. 'जड झाल्या असतील सांभाळायला!' 'पोरं मोठी केली, शिकवली, शेवटी काय मिळालं बिचारीला?' गंमत म्हणजे हे बोलणाऱ्यांपैकी एकीनेही त्या घरात एक रात्र काढलेली नसते.

कशी असते ती रात्र? दोन वाजता आजी उठून दाराची कडी काढू लागतात. 'मला माझ्या घरी जायचंय,' म्हणतात. ज्या घरात पन्नास वर्षं संसार केला, त्याच घरात उभं राहून! सून हाताला धरून परत आणते, तर 'तू कोण गं?' म्हणून हात झटकतात. अंथरूण ओलं झालेलं असतं. ते बदलेपर्यंत तीन वाजतात. सकाळी आंघोळीला अंगाला हात लावू देत नाहीत. जेवून अर्धा तास होत नाही तोच शेजारणीला सांगतात, 'काल रात्रीपासून मला कुणी अन्नाचा कण दिला नाही.' हरवलेल्या पाटल्या तांदळाच्या डब्यात सापडतात, पण तोवर 'हिनेच चोरल्या' हे गल्लीभर झालेलं असतं. आणि एवढं सगळं करून त्या सुनेला नऊ वाजता शाळेत, बँकेत नाहीतर शेतावर हजर व्हायचं असतं.

मैत्रिणींनो, हा म्हातारचळ नव्हे. 'साठी बुद्धी नाठी' म्हणून हसण्यावारी न्यायची ही गोष्ट नाही. हा मेंदूचा आजार आहे. डॉक्टर त्याला डिमेन्शिया म्हणतात, मराठीत आपण स्मृतिभ्रंश म्हणतो. डिमेन्शिया हे एका आजाराचं नाव नाही, अनेक आजारांतून होणाऱ्या अवस्थेचं ते नाव आहे. त्यातला सगळ्यात जास्त आढळणारा आजार म्हणजे अल्झायमर. अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ मध्ये तो पहिल्यांदा मांडला. त्यांची ती रुग्णही एक बाईच होती, जेमतेम पन्नाशी ओलांडलेली. याशिवाय मेंदूच्या रक्तवाहिन्या बिघडल्याने, लहान लहान पक्षाघात होऊन गेल्यानेही स्मृतिभ्रंश होतो. बीपी आणि शुगर वर्षानुवर्षं अंगावर काढणाऱ्या आपल्या घरांतून तो कमी नाही.

आणि हे शहरातलं, श्रीमंतांचं दुखणं आहे असंही समजू नका. आपल्या देशात झालेल्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार साठीच्या पुढच्या दर शंभर माणसांमागे सात ते आठ जणांना डिमेन्शिया आहे. म्हणजे देशभरात जवळपास ८८ लाख माणसं! त्यातही पुरुषांपेक्षा बायकांत प्रमाण जास्त आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त. असं का? एक कारण आपल्या ओळखीचं आहे. या आजाराचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींची यादी तज्ज्ञांनी केली आहे, त्यात कमी शिक्षण ही एक ठळक गोष्ट आहे. चौथीतून शाळा सोडवून चुलीपुढे बसवलेल्या त्या पिढीच्या मुली आज सत्तरीच्या, ऐंशीच्या झाल्यात. तेव्हा हिरावून घेतलेल्या पाटी-पुस्तकाची किंमत आज अशीही मोजली जातेय. ऐकू कमी येणं, नजर अधू होणं, उच्च रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, एकटेपणा हीही त्याच यादीतली नावं. म्हणून 'आता या वयात कशाला कानाचं मशीन?' असं म्हणण्यापूर्वी दोनदा विचार करा.

सगळ्यात आधी करायचं काम म्हणजे निदान. विसरणं वेगळं आणि डिमेन्शिया वेगळा. चष्मा कुठे ठेवला हे विसरलं तर वयाचा दोष म्हणू. पण आयुष्यभर केलेल्या पुरणपोळीचा क्रमच आठवेनासा झाला, ओळखीच्या बाजारातून घरचा रस्ता सापडेना, पैशाचा हिशेब जमेना, स्वभावच पालटला, तर डॉक्टरकडे जायलाच हवं. कारण बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड, मनाचं नैराश्य, डोक्याला लागलेला मार, कधी कधी चालू असलेली औषधंसुद्धा असाच गोंधळ करतात आणि यातल्या बऱ्याच गोष्टी उपचाराने सुधारतात. कितीतरी घरांत रक्ताची एक साधी तपासणी न करताच 'आता या गेल्या कामातून' असा निकाल लागतो. देवाचं, बाहेरचं बघण्यात सहा-सहा महिने जातात. जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये वृद्धांसाठी वेगळी ओपीडी असावी अशी सरकारी योजना २०१०-११ पासून आहे. आपल्या जिल्ह्यात ती कोणत्या वारी असते, याची चौकशी करायला काहीच पैसे पडत नाहीत. घरातून पाऊल निघत नसेल तर ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मनाच्या आजारांसाठी १४४१६ या दोन सरकारी हेल्पलाइन आहेत, फोन मोफत लागतो.

निदान झालं की दुसरं काम कागदपत्रांचं. हे बोलायला जीभ रेटत नाही, पण बोलायलाच हवं. बँकेतली सही, पेन्शन, नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला, मृत्युपत्र हे सगळं माणसाला कळतंय तोवरच मार्गी लावायला हवं. पुष्कळांना वाटतं, मुखत्यारपत्र करून ठेवलं की झालं. पण ज्याने ते दिलं त्याची समजण्याची शक्तीच गेली, की आपल्या कायद्यात साध्या मुखत्यारपत्राचा अंमल संपतो. मग आईच्याच पैशातून आईचा इलाज करायला कोर्टाची पायरी चढावी लागते.

आता मुद्द्याचं बोलू. हे सगळं करतं कोण? जागतिक आरोग्य संघटना सांगते, की जगभरात डिमेन्शियाच्या रुग्णांची जी काळजी घेतली जाते, त्यातले ७० टक्के तास बायकांचे असतात. आपल्याकडे वेगळा आकडा काढायची गरजच नाही, घराघरात दिसतंच. मुलगा 'बघतो' म्हणजे पैसे देतो. लेक 'बघते' म्हणजे रोज फोन करते, महिन्यातून एकदा येते आणि आल्यावर 'वहिनी, आईचे केस किती विस्कटलेत गं!' म्हणते. प्रत्यक्षात बघते ती सून. आणि गंमत बघा, आईवडिलांच्या चरितार्थाचा जो कायदा २००७ मध्ये झाला, त्यात जबाबदार अपत्य कोण? मुलगा, मुलगी, नातू आणि नात. सुनेचं नावच नाही! म्हणजे कायद्याने जिच्यावर ही जबाबदारी टाकलेली नाही, ती सगळी जबाबदारी पेलते आणि ज्यांच्यावर टाकली आहे ते तिला नावं ठेवायला मोकळे.

सुनांनी हात वर करावेत, असं आम्ही मुळीच म्हणत नाही. माया कायद्याने येत नाही आणि कायद्याने जातही नाही. सासूचं सगळं अंथरुणात करूनही 'माझ्या आईसारख्याच त्या' म्हणणाऱ्या सुना या पानाच्या वाचकांमध्येही असतील. त्यांना आमचा नमस्कार. म्हणणं इतकंच, की सेवा एकीने करायची आणि निर्णय मात्र चौघांनी बसून घ्यायचे, हे आता पुरे. आईला घरी ठेवायचं की बाहेर, हे ठरवताना पहिला प्रश्न 'लोक काय म्हणतील' हा नको. पहिला प्रश्न असावा, आईला कुठे बरं वाटेल? आणि दुसरा, जी रात्रंदिवस करतेय ती किती दिवस उभी राहील?

आजाराच्या पहिल्या टप्प्यात घरासारखं दुसरं ठिकाण नाही, यात शंका नको. ओळखीचा माजघर, ओळखीचं तुळशीवृंदावन, रोजचा ठरावीक क्रम यांचा रुग्णाला मोठा आधार असतो. वाद घालू नये, चुका दाखवू नयेत. 'मला घरी जायचंय' म्हटल्यावर 'हेच तुमचं घर' असं दहा वेळा सांगण्यापेक्षा 'जाऊया हं, आधी चहा घेऊ' म्हटलं की पुष्कळदा वेळ निभावते. दिवेलागणीला बेचैनी वाढते, तेव्हा घरात भरपूर उजेड ठेवावा. शेंगा सोलायला, वाती वळायला, कपड्यांच्या घड्या घालायला द्याव्यात. घड्या वाकड्या झाल्या तर होऊ द्याव्यात. गळ्यात किंवा कपड्याच्या आत नाव आणि फोन नंबर असावा. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' हा सिनेमा मिळाला तर जरूर बघा. त्यात डॉ. मोहन आगाशे यांनी उभा केलेला संस्कृतचा पंडित एका हत्तीच्या मागे जात जात हरवतो. एवढा विद्वान माणूसही लहान मूल होतो, हे बघितलं की आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसावरचा राग आपोआप ओसरतो.

पण एक टप्पा असा येतो, की घर पुरत नाही. माणूस दिवसरात्र फिरत राहतो, मारायला उठतो, गॅस उघडा टाकतो, गिळताना ठसका लागतो, दोन माणसांशिवाय उचलता येत नाही. किंवा करणारीच आजारी पडते. तिचं स्वतःचं बीपी वाढलेलं असतं, पाठीचा मणका गेलेला असतो, मुलांची दहावी-बारावी असते. रात्रीच्या जागरणाने ती चिडते, कधी तिचा हातही उठतो आणि मग न्हाणीघरात जाऊन ती रडते. अशा वेळी आजारी माणसाला नीट चालवलेल्या, प्रशिक्षित माणसं असलेल्या ठिकाणी ठेवणं हे पाप नाही. उलट ओढूनताणून घरी ठेवून कडी लावून कोंडणं, खाटेला बांधणं, हे आपल्या प्रतिष्ठित घरांतून सर्रास चालतं आणि त्याला कुणी पाप म्हणत नाही!

या ठिकाणांना इंग्रजीतून 'असिस्टेड लिव्हिंग' म्हणतात. हॉस्पिटलमध्ये ठेवण्याइतकं आजारपण नाही आणि एकट्याने राहणंही शक्य नाही, अशांसाठी ही सोय. खोली, जेवण, आंघोळ-कपड्यांना मदत, वेळेवर औषधं आणि चोवीस तास कुणीतरी जवळ. साधा वृद्धाश्रम वेगळा. पुष्कळ वृद्धाश्रम हिंडते-फिरते लोकच घेतात, विसरण्याचा आजार म्हटला की नको म्हणतात. डिमेन्शियासाठी वेगळी सोय असलेली ठिकाणं पुण्या-मुंबईकडे वाढली आहेत, पण महिन्याचा खर्च ऐकूनच आपल्यासारख्यांचे डोळे पांढरे होतात. वर डिपॉझिट, डायपर, औषधं, डॉक्टरची फी वेगळी. सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना २०२४ पासून आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंतचं संरक्षण मिळालं, ही चांगलीच गोष्ट झाली. पण ते हॉस्पिटलात भरती झाल्यावरच्या खर्चाचं. वर्षानुवर्षं सांभाळण्याचा खर्च त्यात बसत नाही.

म्हणून जागा निवडताना डोळे उघडे ठेवायला हवेत. गुळगुळीत माहितीपत्रक आणि पुढची बाग बघून भुलू नका. आधी कळवून एकदा जा आणि न कळवता एकदा जा, शक्यतो जेवणाच्या वेळी किंवा संध्याकाळी. आत शिरल्यावर कसला वास येतो, ते नाकाला विचारा. तिथली आजी-आजोबा मंडळी दिवसभर टीव्हीपुढे रांगेत बसलेली आहेत, की कुणी भाजी निवडतंय, कुणी गाणी म्हणतंय? मावश्या त्यांच्याशी बोलताना नावाने, मानाने हाक मारतात का? आजींना कळेल अशा भाषेत बोलणारं कुणी आहे का? रात्रपाळीला किती जणांमागे एक माणूस असतो? दिवसाचा आकडा सगळे सांगतात, तुम्ही रात्रीचाच विचारा. कामाची माणसं दर महिन्याला बदलतात का? अचानक तब्येत बिघडली तर कोणत्या हॉस्पिटलला नेतात, गाडी कुणाची? बाथरूममध्ये धरायला दांडे आहेत का, फरशी निसरडी नाही ना? बाहेर पडून हरवू नये यासाठी काय केलंय आणि तरीही मोकळ्या हवेत फिरायला जागा आहे का?

एक प्रश्न स्पष्टपणे विचाराच. 'रुग्ण ऐकत नाही तेव्हा तुम्ही काय करता?' 'बांधून ठेवतो' किंवा 'गोळी देतो, झोपतात छान' असं उत्तर आलं तर तिथूनच मागे फिरा. शांत करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या काही मानसिक आजारांच्या औषधांनी डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिला होता. कधी कधी ती औषधं लागतात, नाही असं नाही. पण ती डॉक्टरांनी, थोड्या दिवसांसाठी, घरच्यांना सांगून द्यायची. मावश्यांची सोय म्हणून नव्हे. आणि भेटायला यायला ठरावीकच दिवस, ठरावीकच खोली, असा नियम असेल तरी सावध व्हा. आत बघू न देण्यासारखं काय आहे तिथे?

ठेवल्यावर आपलं काम संपत नाही, ते बदलतं. जाताना आजींचं पांघरूण, देवाची तसबीर, जुना फोटो, कुंकवाची डबी बरोबर द्या. त्यांना काय आवडतं, कशाची भीती वाटते, कुठल्या नावाने हाक मारली की 'ओ' देतात, हे एका कागदावर लिहून तिथल्या मावशीच्या हातात द्या. पहिले काही आठवडे त्या रडतील, 'मला ने' म्हणतील, आपलंही काळीज तुटेल. पण जात राहा. 'ओळखतच नाहीत, मग जाऊन काय उपयोग?' असं पुष्कळ जण म्हणतात. नाव आठवत नसेल, पण डोक्यावरून फिरणारा ओळखीचा हात, तेलाचा वास, लहानपणीची ओवी यांनी चेहरा निवळतो, हे रोज बघणारे सांगतात. शिवाय ज्याच्याकडे घरचं माणूस नेमाने येतं, त्याच्याकडे तिथेही जास्त लक्ष दिलं जातं, हा व्यवहार आहे. ज्येष्ठांना वाऱ्यावर सोडून देणं हा २००७ च्या कायद्याने गुन्हाच आहे, त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सोडून देणं आणि सोपवणं यातला फरक कायद्याच्या पुस्तकापेक्षा आपल्या पायांनी ठरतो. आपण किती वेळा तिकडे जातो, त्याने.

पण घर किंवा पुण्याचं महागडं होम, एवढे दोनच रस्ते का असावेत? आपल्या छोट्या गावांना खरी गरज आहे ती मधल्या सोयीची. सकाळी आणून सोडावं, संध्याकाळी घरी न्यावं, असं पाळणाघरासारखं दिवसाचं केंद्र. केरळमध्ये १९९२ मध्ये अल्झायमरच्या रुग्णांसाठी संस्था उभी राहिली, ती पुढे देशभर पसरली. तिथल्या सरकारनेही या आजारासाठी वेगळा कार्यक्रम आखला. मग महाराष्ट्रात तालुक्याच्या ठिकाणी एखादं केंद्र का होऊ नये? नगरपालिकेची समाजमंदिरं दिवसभर कुलपात असतात. बचत गटांच्या बायका शेकडो मुलांचा पोषण आहार शिजवतात, त्यांना दहा आजी-आजोबांचा दिवस सांभाळायचं रीतसर प्रशिक्षण मिळालं तर रोजगारही होईल आणि गावातल्या दहा सुनांना आठ तासांचा श्वास मिळेल. जिल्ह्याला एक वृद्धाश्रम ही तरतूद कायद्यात आहे, पण त्यात स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना जागा किती, हे आपण आमदारांना, नगरसेविकांना विचारायला हवं. आणि डिमेन्शियाची सोय करतो म्हणून पाटी लावणाऱ्या प्रत्येक जागेची नेमाने तपासणी व्हायला हवी. खाणावळीला परवाना लागतो, मग बोलता न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना सांभाळणाऱ्या घराची झाडाझडती नको?

तोवर आपल्या हातात आहे ते करू. सख्ख्या-चुलत भावंडांनी एकदा बसून पैसे, दिवस आणि रात्री यांची वाटणी करावी. जमिनीची होते तशीच, कागदावर. परगावच्या लेकीने फोनऐवजी दर दोन महिन्यांनी आठ दिवस येऊन राहावं, वहिनीला माहेरी पाठवावं. मुलांनी आंघोळ घालायला शिकावं, आईनेही त्यांना घातलीच होती. शेजारणींनी 'कशा आहेत सासूबाई?' या प्रश्नाला जोडून आणखी एक प्रश्न विचारावा, 'आणि तू कशी आहेस?'

दर वर्षी २१ सप्टेंबरला जागतिक अल्झायमर दिन असतो. त्या दिवशी शहरात व्याख्यानं होतील, मेणबत्त्या लागतील. आपल्याला त्या दिवसाची वाट बघायची गरज नाही. पुढच्या भिशीला, पुढच्या हळदीकुंकवाला एखादी सखी खाली मान घालून 'सासूबाईंना तिकडे ठेवलंय' म्हणाली, तर विषय बदलू नका. 'कुठलं ठिकाण आहे? लोक चांगले आहेत ना? पुढच्या वेळी जाशील तेव्हा मीही येते तुझ्याबरोबर,' एवढं म्हणून बघा. तिला नुसतं समजून घेणारं नाही, तर बरोबर एस.टी.त बसणारं माणूस हवंय.